मैदानावर दया नसते



गेल्या नाताळानंतर वसईच्या एका धर्मग्रामातून तीसेक माणसे आमच्या मिशनला भेट द्यायला आली होती. वसतिगृह पाहिले, मुलींबरोबर पंगतीला बसून वरण-भात जेवली, मुलांसाठी आणलेल्या वह्या आणि चादरी वाटल्या. निघण्याआधी सगळी मंडळी मुख्याध्यापिका सिस्टरांच्या कचेरीत आली. तिथे काचेच्या एका कपाटात शाळेने मिळवलेले चषक ठेवले आहेत. एक मावशी त्या कपाटापुढे थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पण आम्ही घरोघरी फिरून पैसे जमवतो ते तांदळासाठी आणि पुस्तकांसाठी. ही मुलं इथे शिकायला आलीत ना? मग खेळावर खर्च कशाला?"

त्यांच्यासोबतच्या एका तरुणाने त्यात भर घातली. "आणि सर, प्रभू येशू तर शेवटच्याला पहिला मानतो. तुम्ही मुलांना पहिला नंबर काढायला शिकवता. हे कसं जुळतं?"

बस सुटायच्या बेतात होती. मी हसून वेळ मारून नेली. पण दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते आणि ते विचारणारे आमचेच लोक होते. मी या शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ खेळ शिकवतो आहे. त्या दोघांना उत्तर देणे माझ्याकडून राहून गेले, म्हणून संपादकांना विनंती करून या अंकात जागा मागून घेतली.

आमचे मैदान आणि आमचा खेळ

आमची शाळा पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. मुले बहुतेक वारली, कोकणा, कातकरी आणि मल्हार कोळी समाजांतली. काही ख्रिस्ती आहेत, बरीच नाहीत. शाळेमागचा उतार तोडून केलेला मातीचा चौकोन हे आमचे मैदान. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि एप्रिलमध्ये त्याला भेगा पडतात. त्यावर आम्ही मुख्यतः खो-खो आणि कबड्डी खेळतो, कडेने धावतो. खो-खोला दोन खांब, फक्की आणि माती एवढेच लागते. गरीब शाळेला याहून सोयीचा खेळ नाही.

ज्यांनी हा खेळ शाळा सोडल्यापासून पाहिला नसेल त्यांना थोडी आठवण करून देतो. दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ जण चौकोनात बसतात, एकाचे तोंड या बाजूला तर शेजारच्याचे त्या बाजूला. नववा पाठलाग करतो. पळणारे तिघे बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाऊ शकतात, पण पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला तर बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणायचे आणि आपण त्याच्या जागी बसायचे. म्हणजे पाठलाग एकाचा नसतो. जो दमला किंवा चुकीच्या बाजूला अडकला, त्याने आपली संधी दुसऱ्याच्या हाती द्यायची. आणि जो बसला आहे त्याने कधी बोलावणे येईल हे ठाऊक नसताना पायांवर तयार राहायचे.

त्या तरुणाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच मिळते. चांगल्या खो-खोपटूची परीक्षा तो किती गडी बाद करतो यावरून जशी होते, तशीच तो वेळेवर खो देतो की नाही यावरूनही होते. 'मीच पकडीन' म्हणून धावत राहणारा मुलगा संघाला बुडवतो. हे मी फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही. हातातून निसटलेला गडी ते एका मिनिटात शिकवतो.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. तालुक्याला जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, तिथून विभागाला आणि मग राज्याला. ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणून या स्पर्धांकडे नुसती मजा म्हणून पाहता येत नाही. आमच्या भागातल्या एखाद्या घरासाठी त्या प्रमाणपत्राची किंमत जमिनीच्या तुकड्याएवढी असते. आणि जिथे किंमत असते तिथे मोहही असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

ख्रिस्तसभेने खेळ का जवळ केला

खेळ हा धर्माच्या कामातला उपरा पाहुणा आहे असे पुष्कळांना वाटते. इतिहास तसा नाही. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले तेव्हा त्याने उदाहरण घेतले ते शर्यतीत धावणाऱ्यांचे. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे त्याच्या वाचकांना ते लगेच कळले असणार. तिथे विजेत्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो काही दिवसांत सुकून जाई. पौलाने शर्यतीला नावे ठेवली नाहीत. धावणारा स्वतःला किती शिस्त लावतो ते पाहा, आणि मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी तुम्ही किती लावली पाहिजे ते ठरवा, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे.

ऑलिंपिकचे ब्रीद 'अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान' हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते प्रथम कोणी वापरले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पॅरिसजवळच्या आर्केय येथे डोमिनिकन संघाची एक शाळा होती. तिचे प्रमुख फादर हेन्री दिदों यांनी १८९१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या क्रीडा मेळाव्यात हे तीन लॅटिन शब्द त्यांच्यापुढे ठेवले. त्यांचे मित्र पिएर द कुबर्तँ यांना ते इतके आवडले की १८९४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्थापन झाली तेव्हा ते तिचे ब्रीद झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे ब्रीद एका कॅथलिक शाळेच्या मैदानातून आलेले आहे. २०२१ मध्ये समितीने त्याला 'एकत्र' हा चौथा शब्द जोडला. आमच्या खो-खोच्या मुलींना मी म्हणतो, तो शब्द तुमच्याकडे आधीपासून होता.

संत जॉन बॉस्को यांनी तुरीनच्या रस्त्यांवरची मुले जवळ केली तेव्हा त्यांच्या घरात प्रार्थनेची जागा जेवढी महत्त्वाची होती, तेवढेच खेळाचे अंगणही होते. शिक्षकाने मुलांमध्ये खेळावे, दुरून पहारा करू नये, असा त्यांचा आग्रह असे. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते, आणि २००० सालच्या महोत्सवी वर्षात २९ ऑक्टोबरला त्यांनी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली. २०१८ च्या जूनमध्ये व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. त्यात खेळाचे कौतुक आहे, तसेच शरीराचे हाल, उत्तेजक द्रव्ये, भ्रष्टाचार आणि प्रेक्षकांचा उन्माद या धोक्यांचीही मोकळेपणाने चर्चा आहे. माणसाने आपल्यातले सर्वोत्तम द्यावे, असा त्याचा गाभा आहे.

आदिवासी मुले आणि खेळ

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भेटीला येणारे लोक कौतुकाने म्हणतात, "ही मुलं जन्मजातच काटक. डोंगर चढून चढून धावायला शिकलेली." हेतू चांगला असतो, पण हे खरे नाही. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणे हा सराव नसतो, ते कष्ट असतात. आमच्याकडे आठवीत येणाऱ्या कितीतरी मुलींच्या अंगात रक्त कमी असते. काहींना सिकलसेलचा आजार असतो. असा आजार असलेल्या मुलाला फार दमवले, पाणी कमी पडले किंवा थंडीत भिजू दिले, तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून सरावाला घेण्याआधी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येकाची तपासणी करून घेतो. मग रोज भिजवलेले हरभरे आणि गूळ, आठवड्यातून तीन वेळा अंडे, आणि मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ. मावशींनी विचारलेल्या 'खेळावरच्या खर्चा'तला मोठा वाटा हा आहे. तो खेळाच्या खात्यावर पडतो, पण जातो पोटातच.

काटकपणाने नव्हे तर मेहनतीने आणि योग्य मार्गदर्शनाने काय होते, याची उदाहरणे आदिवासी समाजांत आहेत. झारखंडच्या मुंडा समाजातले जयपाल सिंग रांचीच्या सेंट पॉल्स या अँग्लिकन मिशनच्या शाळेत शिकले, पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार झाले. भारताचे हॉकीतले ते पहिले सुवर्णपदक. त्याच माणसाने पुढे संविधान सभेत उभे राहून आदिवासींची बाजू मांडली. झारखंड आणि ओडिशाच्या सीमेवरच्या गावांत आजही अशा हॉकी स्पर्धा होतात, जिथे विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. त्याच मुलखाने मायकेल किंडो यांच्यासारखा १९७५ च्या विश्वविजेत्या संघातला खेळाडू दिला आणि दिलीप तिर्की यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला.

एवढ्या लांब जायलाही नको. आमच्या डोंगरांना लागूनच नाशिक जिल्ह्यातला हरसूलचा परिसर आहे. तिथल्या सावरपाडा या छोट्या पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक. ती मिशनच्या शाळेतली नव्हे, तिच्या यशात आमचा काही वाटा नाही. पण आमच्या मुलींसाठी ती टीव्हीवरची बाई नाही. तिची बोली त्यांना कळते, तिचा रस्ता त्यांनी पाहिलेला आहे.

अशी पदके शेकड्यांतून नव्हे, लाखांतून एखाद्याला मिळतात. उरलेल्यांचे काय? माझे खरे काम त्यांच्याबद्दल आहे.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. भात झोडून झाले की बिऱ्हाड उचलायचे आणि पाऊस येईपर्यंत परतायचे नाही. आईबाप निघाले की धाकट्यांना सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत नेतात, आणि तिची शाळा तिथेच संपते. यावर आम्ही भाषणे करून पाहिली, घरोघरी जाऊन पाहिले. त्यांचा थोडाफार उपयोग होतो. पण "आमच्या संघाचा सामना आहे, मी आलो नाही तर आठच जणी उरतील," असे मुलीने स्वतः बापाला सांगितले, तर त्याचा उपयोग जास्त होतो. तिला कोणीतरी मोजले आहे, तिच्या जागेवर दुसरी कोणी नाही, हे बापालाही कळते. दरवर्षी दोन-तीन मुली अशा मागे राहतात. मी त्यांची नावे वहीत लिहून ठेवतो. माझ्या लेखी तोच आमचा चषक.

दया आणि न्याय

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सारे या मुलांना काही ना काही देतो. तुम्ही कपडे देता, वह्या देता. मी शिकवतो, सिस्टर जेवू घालतात. देणे चांगलेच आहे. पण सतत घेत राहणाऱ्या मुलाच्या मानेला एक वाक येतो, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. कोणी आले की उभे राहायचे, गाणे म्हणायचे, हात जोडायचे, वस्तू घ्यायची. मुले हे फार लवकर शिकतात.

मैदानावर असे काही नसते. पंच माझ्या मुलीकडे बिचारी म्हणून पाहत नाही. समोर शहरातली नव्या कपड्यांतली आणि चकचकीत बुटांतली शाळा असली, तरी खांब दोघींना सारखेच दूर असतात. गडी शिवला तर गुण, नाही शिवला तर नाही. तिथे दया नसते, न्याय असतो. पहिल्यांदा बाहेर खेळायला गेलेल्या आमच्या मुली नाणेफेकीआधीच हरलेल्या असत. समोरच्यांचे कपडे पाहून माना खाली जात. दोन-तीन सामन्यांनंतर त्याच मुली पंचाकडे जाऊन विचारतात, "सर, तिचा पाय पाटीला लागला ना?" हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज बदललेला असतो. नियम आपलाही आहे हे कळलेल्या माणसाचा तो आवाज आहे. रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या कचेरीत आणि मजुरीचा हिशेब होताना याच आवाजाची त्यांना पुढे गरज पडणार आहे.

पण नियम आपला असेल, तर तो आपल्याविरुद्ध गेला तरी पाळला पाहिजे. हे बोलायला सोपे आहे. २०२२ साली आम्हाला ते करावे लागले.

जन्मतारीख १ जून

आमच्या भागात कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. मूल पाड्यावर जन्मले, दाखला कोणी काढला नाही, आणि शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे वर्ष धरून १ जून लिहून टाकले. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण पुढे हीच तारीख आयुष्यभर चालते.

कोरोनानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या ते वर्ष. १७ वर्षांखालील मुलींचा आमचा खो-खो संघ तालुक्याला पहिला आला. शाळेच्या इतिहासात प्रथमच मुली जिल्ह्याला जाणार होत्या. कर्णधार दहावीतली होती. (तिचे नाव देत नाही. तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे.) तिच्यासारखी खो देणारी मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही. शाळेच्या नोंदवहीत तिची जन्मतारीख होती १ जून २००६. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण न झालेली मुलगी चालणार होती. ही सोळाची होती.

जिल्ह्याला जायच्या दहा दिवस आधी, रविवारी, तिची आई वसतिगृहावर भेटायला आली. लेक जिंकली म्हणून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "ही जन्मली तेव्हा किती पाऊस! मुंबई बुडाली ना, त्या साली. बारा दिवसांची होती. घरात पाणी शिरलं, मी हिला टोपलीत ठेवून माळ्यावर चढवली होती."

मुंबई बुडाली ती २६ जुलै २००५ ला.

मी काही बोललो नाही. भाकरी खाल्ली. दोन दिवस कोणाला सांगितले नाही. माझ्या मनात काय चालले होते ते लपवत नाही. कागद माझ्या बाजूने होता. कागद मी केला नव्हता. आईला साल नीट आठवत नसेल, असेही स्वतःला सांगून पाहिले. तिसऱ्या दिवशी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सर, तुम्हाला काय वाटतं, ती कोणत्या सालची आहे?"

"पाचची," मी म्हणालो.

आम्ही अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात चौकशी केली. लसीकरणाच्या जुन्या वहीत तिच्या आईचे नाव सापडले. साल २००५ होते.

मुलीला बोलावले. ती ऐकत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे माझं नाव शाळेतून काढणार का?" तिला वाटले, तिने गुन्हा केला. खेळ राहू द्या, तिला भीती शाळेची होती. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. आधी तिला हे समजावावे लागले की चूक तिची नाही, आईचीही नाही, आणि दहावीची परीक्षा ती देणारच आहे.

मग संघाला सांगितले. तालुक्याचे सामने ती खेळली होती, म्हणजे तो विजयही आमचा उरत नव्हता. आम्ही संयोजकांना लेखी कळवले आणि चषक परत केला. दुसरा आलेला संघ जिल्ह्याला गेला.

कोणी आमची पाठ थोपटली नाही. दुसऱ्या एका शाळेतले शिक्षक मला म्हणाले, "सर, कागद होता ना तुमच्याकडे? मग कशाला?" काही पालक चिडून आले. एक बाप म्हणाला, "मोठ्या लोकांची पोरं खोटे दाखले आणून नोकरीला लागतात. तुम्हाला आमच्याच पोरींवर खरेपणा शिकवायचा होता?" याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या त्यानेही वाचल्या होत्या, मीही. त्याच्या बोलण्यात खरे दुःख होते. अकरा मुलींनी काहीही चूक न करता हरणे सोसले होते, आणि तो निर्णय आम्ही दोघा मोठ्यांनी घेतला होता. एक मुलगी तर दिवाळीच्या सुटीनंतर वसतिगृहावर परतलीच नाही. या गोष्टीमुळे की भट्टीमुळे, कोण जाणे. तिचे नाव माझ्या वहीत दुसऱ्या पानावर आहे.

तरीही आज विचारले तर मी तेच करीन. कारण मैदानाची एकच शिकवण मला या मुलांना द्यायची आहे, की नियमापुढे तुम्ही कोणापेक्षा कमी नाही. 'गरीब आहेत, आदिवासी आहेत, चालायचंच,' म्हणून मी तो नियम त्यांच्यासाठी वाकवला, तर मैदानावरही मी त्यांना दयाच दिली असे होईल. मग ती मुलगी पंचापुढे मान वर करून कशी उभी राहील?

तिची जन्मतारीख रीतसर अर्ज करून दहावीच्या परीक्षेआधी दुरुस्त करून घेतली. अकरावीला ती तालुक्याच्या गावी गेली आणि १९ वर्षांखालील गटात आपल्या खऱ्या वयाने खेळली. आता ती पोलीस भरतीची तयारी करते. आमचा १७ वर्षांखालील संघ पुढच्या वर्षी जिल्ह्याला पोहोचला आणि उपांत्य सामन्यात हरला. हरून आलेल्या मुली गाडीत गाणी म्हणत होत्या.

माझ्या चुका

स्पर्धेने सगळे चांगलेच होते असा समज मी करून देऊ इच्छित नाही. पहिल्या पाच-सहा वर्षांत मीच चषकांच्या मागे होतो. नऊ-दहा चांगल्या मुली निवडायच्या आणि त्यांच्यावरच मेहनत घ्यायची. बाकीच्यांनी पाणी भरायचे, फक्की मारायची. एकदा ताप असलेल्या मुलीला मी खेळवले. "सर, खेळते मी," ती म्हणाली, आणि मला तेच ऐकायचे होते. दुसऱ्या डावात ती खांबाजवळ कोसळली. ती लवकर बरी झाली, पण त्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसलेल्या सिस्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलो नाही.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. शाळेत चार गट केले आणि प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या गटातून खेळलेच पाहिजे, मग ते कितीही हळू धावो. आजारी मुलाला खेळवायचे की नाही हे मी ठरवत नाही, वसतिगृहाच्या सिस्टर ठरवतात. आणि सामना संपल्यावर, जिंकलो असो वा हरलो, समोरच्या संघाला आमच्या मुली पाणी नेऊन देतात. पहिल्यांदा हरलेल्या संघाला पाणी देणे सोपे गेले. जिंकलेल्या संघाला द्यायला मुलींना वर्षभर लागले, मला थोडे जास्त.

मावशींना उत्तर

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमचा पैसा खेळावर खर्च होतो तेव्हा त्यातून अंडी येतात, रक्ताची तपासणी होते, आणि तालुक्याच्या गावी जाणाऱ्या जीपचे भाडे भरले जाते. जिल्ह्याला आता काही सामने मॅटवर होतात. अनवाणी पाय त्यावर भाजतात आणि घसरतात, म्हणून यंदा बुटांचे पंधरा जोड हवे आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी मिशनच्या कार्यालयात कळवावे. दुकानातून नवेच बूट आणले पाहिजेत असे नाही, पण मापाचे असावेत. मोठे बूट दान म्हणून चालतात, खेळताना चालत नाहीत.

आणि त्या तरुण मित्राला उत्तर असे. शेवटचा तो पहिला, हे प्रभूने सांगितले ते खरेच आहे. आम्ही ज्यांना शिकवतो त्यांना जगाने कधीपासून शेवटच्या रांगेत बसवले आहे. त्यांना एकदा रांगेच्या सुरुवातीच्या रेषेवर, सगळ्यांच्या बरोबरीने उभे करावे, एवढेच आम्ही मैदानावर करतो. पुढे कोण पहिले येते ते त्यांचे पाय ठरवतील.

पुढच्या वेळी याल तेव्हा चषकांच्या कपाटापाशी थांबू नका. बस थोडी उशिरा सोडा. साडेचारला शाळा सुटते आणि पावणेपाचला मैदानाच्या कडेला उभे राहता येते. मुली कोणासाठीही उभ्या राहणार नाहीत, गाणे म्हणणार नाहीत, हात जोडणार नाहीत. त्यांना तेवढा वेळ नसतो. त्या खेळत असतात.

आमच्या मुलांसाठी तुमच्या प्रार्थना चालू ठेवा.